मंगळवारचं टेबल

वर्षभर देशसेवा केली की काय मिळतं, असं लोक अजून विचारतात. एक प्रमाणपत्र मिळतं, एक निळा टी-शर्ट मिळतो आणि पाठीवर घ्यायची एक बॅग मिळते. बॅगेची चेन दुसऱ्या महिन्यात गेली.

योजना साधी होती. शिकलेल्या तरुणांनी आयुष्यातलं एक वर्ष द्यायचं. त्यांना देशात कुठंतरी एखाद्या लहान सेवाभावी संस्थेत पाठवायचं. तिथं त्यांनी संगणक, मोबाइल, सॉफ्टवेअर या गोष्टी नीट वापरायला शिकवायच्या आणि वर्ष संपलं की घरी यायचं. मी अर्ज केला तेव्हा माझ्या नावावर मुख्यतः पत्रकं जमा होती. सांगलीकडे आमचा एक गट होता. पाण्यात मंत्र फुंकणारे बाबा, मुलगा होण्याचं औषध विकणारे वैद्य, भानामती काढणारे भगत, सगळ्यांवर आम्ही पत्रकं काढायचो. मजकूर मी लिहायचे, जुळणी मी करायचे आणि एसटी स्टँडवर उभी राहून वाटायचेही मीच. पत्रक लिहिणाऱ्याला एक वळण पडतं. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे जागा उरली तर पुरावा. संगणक मला येत होता, कारण गटात दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता.

"मराठी ना तुम्ही? मग तंजावूर घ्या. तिथं मराठी लोक आहेत," नेमणुका वाटणारा अधिकारी म्हणाला. काही शतकांपूर्वी तिकडे गेलेल्या माणसांच्या भरवशावर मला तमिळनाडूत पाठवण्यात आलं. मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं.

संस्था एका सायकल दुकानाच्या माडीवर होती. दोन खोल्या, एक कूलर, एक संगणक. काम एकच. आसपासच्या गावांतून, तिरुवैयारुपासून पापनाशमपर्यंत, मोतीबिंदू पिकलेली माणसं शोधायची, व्हॅनमध्ये बसवून शहरातल्या एका खाजगी इस्पितळात आणायची, फुकट शस्त्रक्रिया करवून परत घरी सोडायची. त्यासाठी इस्पितळ संस्थेला आठवड्यातून एक दिवस शस्त्रक्रियेचं एक टेबल द्यायचं. वार मंगळवार.

"मंगळवारच का?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

संस्था चालवणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले होते. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणू लागले. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं तमिळ चालीचं, माझं सांगलीचं.

"मंगळवारी पैसेवाले पेशंट येत नाहीत, अम्मा. मंगळवारी कोणी चांगलं काम सुरू करत नाही. टेबल रिकामं पडतं. म्हणून आपल्याला मिळतं."

तमिळ माणूस मुलीच्या वयाच्या बाईलाही अम्मा म्हणतो. पहिला आठवडाभर मला तो टोमणा वाटत होता. पण त्या क्षणी मी अम्माकडे लक्ष दिलं नाही, कारण डोक्यात शीर्षक तयार झालं होतं: श्रीमंतांनी टाकलेला वार गरिबांच्या पदरात! खाली उद्गारचिन्हं किती द्यायची, एवढंच ठरायचं होतं.

राहायची सोय सरांनी राजवाड्यामागच्या एका गल्लीत करून दिली. घरमालकीण मराठी. साठी गाठलेली, नवरा नाही, मुलगा कोइमतूरला. दोन खोल्यांपैकी बाहेरची मला दिली आणि आतल्या खोलीत त्या आणि त्यांचं शिलाईचं मशीन. मी मावशी म्हणाले तर त्यांनी नाक मुरडलं. "अक्का म्हण. मावशी म्हटलें कीं म्हातारी झालें असें वाटतें." त्यांचं मराठी मला पहिले काही दिवस जुन्या पोथीतल्यासारखं वाटायचं आणि चाल ऐकली तर तमिळ. माझं मराठी त्यांना भांडणासारखं वाटायचं. तसं त्यांनी सांगितलंही.

अक्का साड्यांना फॉल लावायच्या आणि ब्लाउजांना हुक. मशीनवर नाही, हातानं. गल्लीतल्या आणि बाजारातल्या दोन दुकानांचं काम त्यांच्याकडे यायचं. मी राहायला गेले तेव्हा त्या सुईत दोरा ओवायला मलाच बोलवायच्या. मग एकदम दहा-बारा सुया ओवून उशीत खोचून ठेवायचा रिवाज पडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. इस्पितळात तपासून झालं होतं, संस्थेच्या यादीत नाव होतं.

मुलगा दर रविवारी फोन करायचा. तो आईशी तमिळमध्ये बोलायचा आणि आई त्याला मराठीत उत्तर द्यायची, दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं एकच: दीपावळीला येईन तेव्हा तुला घेऊन जाईन. दिसत नाही, शिवता येत नाही, मग तिथं एकटी कशाला?

"वाईट काय आहे कोइमतूरला?" मी विचारलं.

"कांही वाईट नाही. सून चांगली आहे. लिफ्ट आहे. मला बसवून जेवायला घालतील." हे त्यांनी शिक्षा सांगावी तसं सांगितलं. "डोळे झाले तर येथें. नाही झाले तर तेथें. एवढेंच आहे गे."

डोळे, अनेकवचनी. त्यात गोम होती. संस्थेचा नियम होता, एका माणसाचा एक डोळा. दुसऱ्यासाठी यादीच्या शेवटी जायचं. यादी एवढी लांब होती की शेवटी जाणं म्हणजे न होणं. पैसे देणाऱ्या ट्रस्टला वर्षात किती माणसांना दृष्टी दिली ते छापायचं असायचं. एकाच माणसाला दोनदा दृष्टी दिली तर ते एकच धरलं जायचं. अक्कांना हा नियम माहीत होता. एका डोळ्यानं सुई दिसते, पण ती कापडात कुठं टोचते ते नीट कळत नाही, हेही त्यांना शेजारणीच्या अनुभवावरून माहीत होतं.

आता सॉफ्टवेअर. संस्थेकडे वेळा ठरवण्याचं एक सॉफ्टवेअर आधीच होतं, कुणीतरी दान दिलेलं. त्यात मंगळवार उघडला की तीन करडे पट्टे दिसायचे. नऊ ते साडेदहा, बारा ते दीड, तीन ते साडेचार. तिन्हींवर एकच शेरा: यंत्राची देखभाल. उरलेल्या फटींत पेशंट बसवलेले. मी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना विचारलं, यंत्राची देखभाल कधी असते? त्या हसल्या. माणूस चेन्नईहून येतो, तोही रविवारी, तोही बोलावला तर.

मी सरांकडे गेले.

"मशीनला विश्रांती लागते, अम्मा."

"दिवसातून तीनदा?"

"जुनं मशीन आहे."

"परवा तुम्हीच म्हणालात, नवं आलंय म्हणून."

सरांनी मान वळवली. त्यांच्या मागं भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, तसं तंजावुरात प्रत्येक भिंतीवर असतं. त्यांनी त्यावर बोट ठेवून स्टेशनवरच्या घोषणेसारखं वाचलं. "मंगळवार. नऊ ते साडेदहा यमगंडम. बारा ते दीड कुळिगै. तीन ते साडेचार राहुकाळ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या सॉफ्टवेअरमध्ये राहूसाठी जागा नव्हती. देखभालीसाठी होती."

राहुकाळ आपल्याकडेही आहे. यमगंडम त्याचाच भाऊ. कुळिगै मात्र मला नवीन होतं. त्या वेळात जे कराल ते परत घडतं, असं तिथं मानतात. म्हणून कुळिगैत सोनं घ्यायचं, बँकेत पैसे टाकायचे. कुळिगैत प्रेत हलवायचं नाही आणि ऑपरेशन करायचं नाही. कोण परत कापून घेणार?

मी तिन्ही पट्टे काढून टाकले. बाहेर आंधळेपणात दिवस काढणाऱ्या माणसांची रांग आणि आत साडेचार तास टेबल रिकामं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. आजही नाही. सरांनी अडवलं नाही. "सेवेला पाठवलेली माणसं तुम्ही. करा, अम्मा," म्हणाले, आणि कॅलेंडरचं त्या दिवशीचं पान फाडून ते जेवायला गेले. संध्याकाळपर्यंत माझ्या पडद्यावर मंगळवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवागार झाला होता. त्याचा फोटो मी मुख्यालयाला पाठवला. तिकडून अंगठा आला.

मग मंगळवार आला.

पेशंट आले. सगळे आले. कुणी नाही म्हणालं नाही. ही गोष्ट समजायला मला वेळ लागला, कारण आमच्याकडे माणसाला नको असलं की तो नको म्हणतो, शिवाय दोन शब्द जास्त सुनावतो. इथं सगळे व्हरांड्यातल्या बाकांवर डोळ्यांत थेंब घालून, टोपी घालून, शांत बसलेले. तीन वाजता सिस्टरनी तिरुवैयारुच्या एका आजींचं नाव पुकारलं आणि आजींना खोकला लागला. खोकणाऱ्या माणसाच्या डोळ्याला सुरी लावता येत नाही. पुढचं नाव पुकारलं. ते आजोबा बाथरूमला गेलेले. त्यांच्या पुढच्या बाईंचा रक्तदाब चढला, आणि तो खरोखर चढलेला होता, मी यंत्र पाहिलं. आजोबा बाथरूममधून येईनात म्हणून शिपायानं दार वाजवलं. आतून आवाज आला, "आलोच."

साडेचार वाजले. खोकला थांबला, आजोबा आले, रक्तदाब उतरला. डॉक्टर पाचला निघाले.

असे मंगळवार एकामागून एक गेले. पडद्यावर हिरवं जास्त आणि टेबलावर माणसं पूर्वीपेक्षा कमी, कारण आता ज्यांची पाळी वाईट वेळात पडली त्यांच्यामागचे चांगल्या वेळातलेही खोळंबू लागले. इस्पितळाच्या व्यवस्थापकानं आम्हाला बोलावून घेतलं. टेबल असं रिकामं राहणार असेल तर दुपारनंतरचं आम्ही परत घेऊ, म्हणाला. त्याच्या मनगटावर तीन रंगांचे दोरे होते.

परत येताना सर जिन्यात थांबले. "देखभाल परत टाकतो, अम्मा."

"खोटं लिहिणार तुम्ही परत?"

"मशीनबद्दल खोटं. मशीनला काय वाटणार?"

"लोकांना सरळ सांगा ना की राहू-बिहू काही नसतं."

"सांगतो. तुम्ही तमिळ शिका, तुम्हीही सांगा. तोवर डोळे कोण करणार?"

मी चिडले होते आणि ते चिडत नव्हते, त्यामुळं भांडण नीट झालं नाही. शेवटी मी म्हटलं, खोटा शेरा नको. जे आहे ते लिहू. मी सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना केला, 'पेशंटला नको असलेली वेळ', आणि फोनवर विचारून तो भरायचं ठरवलं. फोनवर सगळ्यांनी सांगितलं, कोणतीही चालेल. व्यवस्थापकानं तो रकाना पाहिला आणि म्हणाला, हे काढा, दाते बघतात, अंधश्रद्धा वाटेल. देखभाल लिहा.

त्याच आठवड्यात, पट्टे परत टाकायचे राहिले असतानाच, अक्कांचा नंबर लागला. मी लावला नव्हता, यादीच्या क्रमानं यंत्रानं लावला. मोबाइलवर तमिळ संदेश आला, अक्कांनी तो डोळ्याजवळ धरून वाचला, मग भिंतीपाशी गेल्या आणि कॅलेंडरची पुढची पानं वर करून पाहिली.

"मंगळवार, बारा. कुळिगै गे."

खरं सांगायचं तर मला धक्का बसला. इतरांचं ठीक, पण मराठी बोलणारं माणूस आपल्या बाजूचं असणार, असं मी उगाच धरून चालले होते. मी आत गेले, बॅगेतून आमच्या गटाचं पत्रक काढलं, 'मुहूर्त कुणाच्या फायद्याचा?' आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"हीं अक्षरें मला येत नाहीत. मला तमिळ येतें. बाळबोध आमच्या आजोबांपर्यंत होतें." पत्रक परत दिलं. "वाच. ऐकतें."

मी वाचलं. त्या फॉल लावत होत्या. मी स्टँडवर वाचायचे तसं वाचलं, वाक्यावाक्यावर जोर देऊन, आणि मला वाटतं चांगलं वाचलं. संपल्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला.

"छान लिहिलें आहेस. पण ओरडतेस कां? मी येथेंच आहें."

"पटलं का?"

"पटलें. मुहूर्त भटाच्या फायद्याचा. सेरी, ठीक. पण कुळिगै कोठें भटाचा आहे? कुळिगैला कोणी दक्षिणा देत नाही."

या मुद्द्यावर पत्रकात काही नव्हतं.

मी मग साधं सांगितलं. हा मंगळवार नाकारला तर नाव मागं जाईल. दुपारचं टेबल इस्पितळ काढून घेतंय, म्हणजे यादी आणखी हळू सरकेल. दीपावळीच्या आत परत नंबर लागेल याची खात्री मी देत नाही. आणि दीपावळीला मुलगा येणार. त्या ऐकत होत्या. सुई उशीत खोचली, चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. पुसून काही फरक पडत नव्हता, पण सवय.

रविवारी मुलाचा फोन आला. अक्कांनी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला होता, नेहमीसारखा.

"कुळिगै? अम्मा, कुळिगैत कोण ऑपरेशन करतं?" एवढं तमिळ एव्हाना मलाही कळत होतं. "त्या मुंबईच्या मुलीनं लावलं ना? तिला सांग, बदलून दे."

"सांगलीची," मी म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

"परत होईल, अम्मा! परत कापतील!"

अक्का मशीनच्या चाकावरून हात फिरवू लागल्या. मला वाटलं, झालं, गेला मंगळवार. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"ठाऊक आहे का, मला डोळे किती?"

"काय?"

"मला डोळे किती, सांग."

"दोन."

"पिकले किती?"

"...दोन."

"एकच करतात ना फुकट? दुसरा कोण करणार, तूं?" त्या आता हसत होत्या. "कुळिगैंत केलेलें परत होतें म्हणतोस. मग होऊं दे कीं. परत झालेंच पाहिजे मला. एक आतां, एक मग."

फोनमध्ये मागं सून खळखळून हसल्याचा आवाज आला, आणि मुलगा म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, अम्मा."

"कळलें ना? ठेव मग."

मला काय वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं नाही. माझ्या मते त्या योग्य ठिकाणी चुकीच्या रस्त्यानं पोचल्या होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. अक्का म्हणाल्या, "पोचलें ना? मग चहा ठेव."

मंगळवारी बारा वाजता व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांनी अक्कांना आत जाताना पाहिलं. सिस्टरनी नाव पुकारलं आणि त्या उठून चालू लागल्या, खोकल्या नाहीत. बाकावरची एक बाई तमिळमध्ये म्हणाली, अहो, कुळिगै आहे. अक्कांनी थांबून तिला दोन बोटं दाखवली, मग आधी स्वतःच्या एका डोळ्याकडे बोट केलं, नंतर दुसऱ्याकडे. ती बाई बघत राहिली. तिच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

पट्टी निघाल्यावर अक्कांनी काय पाहिलं, ते वेगळंच होतं. त्या आतल्या खोलीत दोऱ्याची रिळं मांडून बसल्या. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. मला हाक मारली.

"हें पांढरें ना?"

"नाही, क्रीम आहे."

"आणि हें?"

"तेही क्रीम."

त्यांनी पेटी उपडी केली. पांढरा म्हणून त्या कितीतरी दिवस पिवळट दोरा वापरत होत्या. पांढऱ्या साड्यांना, पांढऱ्या ब्लाउजांना. "कोणी बोललें नाही," त्या म्हणाल्या. "दुकानदार नाही, बायका नाही. घेऊन गेल्या." त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मला मात्र ते गाव त्या दिवशी थोडं कळलं. व्हरांड्यातला खोकला आणि हा पिवळा दोरा एकाच कापडाचे.

पुढच्या आठवड्यात संस्थेत फोन येऊ लागले. आम्हाला बाराची वेळ द्या. दोन्ही डोळे पिकलेल्या बायका होत्या, बहुतेक पापनाशमकडच्या. अक्कांनी बोटं दाखवल्याची बातमी व्हॅनमधून गावांत पोचली होती. सरांनी बारा ते दीडचा पट्टा भरून टाकला आणि त्यावर शेरा लिहिला: 'दोन डोळे'. मी म्हटलं, निदान हा खरा आहे. तीन ते साडेचार आम्ही इस्पितळाला परत दिले. त्यांनाही ते भरता आले नाहीत.

मी ट्रस्टला पत्र लिहिलं. एक माणूस एक डोळा हा नियम कुणी केला, त्यानं स्वतःचा एक डोळा झाकून सुई ओवून दाखवावी, असं सुरुवातीला होतं. सरांनी ते वाक्य काढायला लावलं. शेवटी मागणी होती. उत्तर सौजन्यपूर्ण आलं, विचार करू म्हणून. अजून करत असतील. त्या बायकांना कुळिगैनं आशा दिली होती, नियमानं दिली नव्हती, आणि मला संताप कशाचा यावा हे त्या पत्रानं पुन्हा सरळ करून दिलं. राहू कुणाचं नाव यादीत मागं टाकत नव्हता.

ऐप्पसी महिना लागला, तिकडचा पावसाचा. दीपावळी तोंडावर आली होती. अक्का एका डोळ्यानं शिवत होत्या. सुई दिसायची, बोटात जायची. बोटांना चिकटपट्ट्या. मुलानं तिकीट काढलं होतं, दोघांचं. आई नको म्हणाली नव्हती. मी आता त्या न म्हणण्याचा अर्थ लावायला शिकले होते, पण मुलालाही तो लागत असेल का, मला सांगता येत नाही.

त्या मंगळवारी रात्रभर पाऊस झाला होता आणि पापनाशमकडून येणारी व्हॅन पाण्यात अडकली. बाराच्या सगळ्या बायका त्या व्हॅनमध्ये. व्हरांड्यात तिरुवैयारुचे आणि गावातले लोक होते, भरपूर होते, पण त्यांचा प्रत्येकाचा एकेकच डोळा पिकलेला. सरांनी स्वतः बाकाबाकावर जाऊन विचारलं. कोण येतं बाराला? एकाला खोकला लागला. टेबल रिकामं, डॉक्टर हातमोजे घालून उभे, आणि व्यवस्थापक लांबून बघतोय.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरमालकीण. त्यांच्या तपासण्या ताज्या आहेत ना?"

"दुसरा डोळा आहे त्यांचा. नियम?"

"टेबल गेलं तर कोणाचाच डोळा होत नाही. फोन करा, अम्मा."

अक्का आल्या त्या अर्धा फॉल लावलेली साडी खांद्यावर तशीच घेऊन. सुई साडीत लटकत होती. सिस्टरनी ती काढून माझ्याकडे दिली. थेंब घालायला वेळ गेला, तरी कुळिगै संपायच्या आत त्या टेबलावर होत्या.

संध्याकाळी घरी, डोळ्यावर पट्टी, हातात कॉफीचा पेला.

"बघितलेंस? परत झालें."

"अक्का, व्हॅन अडकली म्हणून झालं. टेबल रिकामं होतं म्हणून."

"व्हरांड्यांत माणसें होतीं ना?"

"होती."

"भरपूर?"

"हो."

"मग टेबल रिकामें कां होतें?"

त्या व्हरांड्यातला प्रत्येक माणूस कुळिगै मानत होता, म्हणून टेबल रिकामं होतं. म्हणून अक्कांचं परत झालं. माझ्या हातात अजून ती सुई होती. पत्रकात ज्याला आम्ही भ्रम म्हणायचो, त्यानं माझ्यासमोर व्यवस्थित काम केलं होतं, आणि तरी तो भ्रमच होता. हे दोन्ही एकाच पानावर कसं लिहायचं ते मला आजही जमलेलं नाही.

"दे ती सुई," अक्का म्हणाल्या. "आणि पेला घे. गार झाली."

दीपावळीच्या आदल्या दिवशी मुलगा आला. उंच, घामाघूम, हातात मिठाईचे डबे. आईचं सामान भरायला त्यानं रिकामी सुटकेस आणली होती. अक्का दारात उभ्या होत्या, काळा चष्मा लावून. तो वाकून पाया पडला आणि उठला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या छातीकडे बघितलं.

"वरचें बटण कोणी लावलें?"

"कुठलं?"

"हें. शर्ट निळा, दोरा काळा. कोणी लावलें?"

"इस्त्रीवाल्यानं असेल, अम्मा. काय फरक पडतो?"

"काढ शर्ट."

तो दारातच बनियनवर उभा राहिला. गल्लीतल्या बायका बघत होत्या. अक्कांनी उशीतून सुई घेतली, रिळांमधून निळा उचलला, उजेडाकडे धरला आणि मला न बोलावता दोरा ओवला. मुलगा ते पाहत होता. बटण लागलं, दोरा दातानं तुटला. त्यानं शर्ट घातला, वरचं बटण एकदा लावून पाहिलं, मग सुटकेस उचलून माझ्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवली.

दोन दिवसांनी तो गेला तेव्हा ती सुटकेस त्याच्याबरोबर होती. सुनेसाठी घेतलेल्या साड्या होत्या तिच्यात, फॉल लावलेल्या.